ताईचा शेक आणि गाडीचा स्टार्टर

किल्ली फिरवल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज यायचा आणि पुढे काही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण इंजिन जागचं हलायचं नाही. मागच्या वर्षी पोळ्यानंतर माझ्या गाडीने हा प्रकार सुरू केला, आणि तोही अशा दिवसांत, की तिने एक सकाळही बंद राहून चालणार नव्हतं.

माझी मोठी बहीण वलगावला राहते. भाऊजींची शेती तिथेच आहे, कपाशी आणि तूर. मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयाच्या हिशेबाच्या शाखेत आहे. आदल्या हिवाळ्यात ताईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून द्यायची औषधं झाली, केस गेले, आणि पावसाळ्यात अमरावतीला रेडिएशन सुरू झालं. आमच्या घरात त्याला कोणी रेडिएशन म्हणत नाही, शेक म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज घ्यायचा, असे काही आठवडे. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “यात मधे खाडे करायचे नाहीत. आमचं मशीन बंद पडलं तर ते आम्ही बघू. तुमच्याकडून खंड पडू देऊ नका.”

ताई आमच्याकडे अमरावतीला राहायला तयार नव्हती. “रात्री मले माह्याच घरी झोप लागते,” एवढंच तिचं म्हणणं. मग मी सकाळी वलगावला जायचं, तिला आणायचं, शेक झाला की परत सोडायचं आणि तसंच ऑफिसला जायचं, असं ठरलं. मला त्याचं ओझं नव्हतं. ओझं तिला होतं. औषधांनी ती इतकी थकली होती, की हा शेवटचा टप्पा तिने अर्ध्या मनानेच मान्य केला होता. कबूल करतानाच तिने बजावलं होतं, “पाह्य बापू, जोवर सुखानं जमते तोवर येईन. कोनाले तरास होऊन राहिला असं दिसलं, का त्या दिवशी बंद.” लहानपणापासून ती मला बापूच म्हणते.

ती बोलते तसं करते, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. त्यामुळे शेकाचे तेवढे दिवस तिला कसलीही अडचण दिसू द्यायची नाही, हे मी आणि बायकोने मनाशी धरून ठेवलं होतं.

भाऊजी दवाखान्यात येत नसत. ऑपरेशनच्या वेळी ते तिथल्या बाकावर बसून होते, आणि तिला बाहेर आणल्यावर तिच्याकडे एकदा पाहून जे उठून गेले ते थेट वलगावच्या बसमध्ये बसले. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की त्यांना शेतात काहीतरी तातडीचं काम निघायचं. ताई त्यावरून टोमणे मारायची, पण मनाला लावून घ्यायची नाही. सकाळी मी गेलो की ते अंगणात उभे असत. गाडीचं दार उघडून धरत, ताई बसली की हळूच लावत, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच थांबत.

पोळा त्या वर्षी शनिवार-रविवारच्या सुट्टीतच आला. दोन दिवस शेक नव्हता. भाची अकोल्याला असते, तीही आली होती. मी आणि बायको गाडी घेऊन वलगावलाच मुक्कामाला गेलो. भाऊजींकडे डवरणीपुरती, म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढण्यापुरती, एक बैलजोडी अजून आहे. आदल्या संध्याकाळी त्यांनी बैलांचे खांदे शेकले. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला कोमट तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि उद्या जेवायला या असं आमंत्रण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ताई ओट्यावर बसून पाहत होती. शेकाने तिच्या खांद्याजवळची कातडी काळी पडली होती आणि तिथे डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायची मनाई होती.

भाऊजी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत म्हणाले, “यायचे खांदे शेकता येतात मले. तुह्या खांद्याले हात लावाची बंदी.”

“मंग द्या मले बी जेवाचं आवतन,” ताई म्हणाली. “उद्या पुरन टाका तुमी.”

“टाकतो ना.”

“पाह्यलं तुमचं पुरन.”

दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून झाली, पूजा झाली, बैल फिरून आले. मग भाऊजींनी माझ्या गाडीकडे मोर्चा वळवला. तिला बादल्यांनी धुतलं, चाकांना हळदकुंकू लावलं, आणि बैलांच्या माळांतली उरलेली एक झेंडूची माळ समोर बांधली. मी म्हटलं, भाऊजी, दसऱ्याला करूच की. तर म्हणाले, “दसरा तुमच्याकडे करा. आमच्या घरचं मानूस रोज वाहून नेते थे. यंदा थे बी बैलच हाय आमचा.” जेवण जड झाल्यामुळे मी आत आडवा झालो. उठलो तेव्हा बोनेट उघडं होतं आणि ते आतून फडक्याने पुसत होते. आतला चिखल, धूळ, सगळं गेलेलं पाहून मला बरंच वाटलं.

सोमवारी सकाळी ताईला बसवलं, किल्ली फिरवली, आणि तो ‘टक्’ मी पहिल्यांदा ऐकला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. नंतरच्या खेपेला इंजिनाने कण्हत एक-दोन वेढे घेतले आणि ते सुरू झालं. दवाखान्यातून निघताना नीट सुरू झालं. मी मनात म्हटलं, बॅटरी. घरी आल्यावर मीटर लावला. अकोल्याला नोकरीला होतो तेव्हा तिथल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या फार जायच्या, म्हणून मल्टिमीटर घेतला होता, तो अजून चालतो. आकडा आला साडेबारा व्होल्टच्या वर. बॅटरी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी वलगावला ती सुरू झालीच नाही. पारावर चार माणसं बसली होती, ती आपणहून उठून आली. “काय झालं साहेब, रुसली का?” असं म्हणत सगळ्यांनी मागून जोर लावला. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिनाने घेतलं. पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर आम्ही अंगणात येण्याआधीच ती माणसं गाडीमागे उभी होती. त्यांच्यातल्या एकाचा पाय अधू होता. तोही डिकीला हात लावून चालायचा आणि “हां, हां, येऊन राहिली, येऊन राहिली” असं ओरडून बाकीच्यांना जोर द्यायचा. त्यांना मी धन्यवाद म्हटलं की ते एकमेकांकडे पाहून हसायचे. वलगावात असल्या कामाला तो शब्द वापरत नाहीत.

मला त्यांचे उपकार वाटत होते. ताईला मात्र प्रत्येक धक्का अंगावर बसल्यासारखा होत होता. मागच्या सीटवर ती पदराने तोंड झाकून घ्यायची. तिसऱ्या दिवशी रस्त्याला लागल्यावर म्हणाली, “मले लोकायच्या धक्क्यानं जगाचं नाई बापू.”

मग त्या दिवशी दवाखान्याच्या आवारातही गाडी अडून बसली, तेव्हा म्हटलं तिला पुन्हा कोणी ढकललेलं पाहायला नको, आणि ऑटो केला. ती माझी चूक झाली म्हणायची. त्या रस्त्याला खड्डे होते आणि ऑटोच्या प्रत्येक हिसक्याला तिची ऑपरेशनची बाजू दुखायची. घरी पोचली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. ओट्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, “आता पुरे.”

“उद्या गाडी नीट करून आणतो ताई.”

“देवच थांबा म्हनून राहिला. तुले ऐकू येत नाई काय?”

मी तसाच अमरावतीला आलो, दवाखान्याच्या आवारातून गाडी ढकलून सुरू करवून घेतली आणि माझ्या ओळखीच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक टपरी, समोर दोन गाड्या मावतील एवढी जागा. ओळीत तीन कामं आधीची होती. मी कशासाठी गाडी लागते ते सांगितलं. त्यांनी हातातला होल्डर खाली ठेवला आणि आधीच्या गाडीवाल्याला म्हणाले, “भाई, तुमची उद्या. ही दवाखान्याची गाडी हाय.” तो गाडीवालाही काही न बोलता ऑफिसला पायी निघून गेला. त्याचा चेहरासुद्धा मला आता आठवत नाही, पण त्याचा मी ऋणी आहे.

इलेक्ट्रिशियनने मला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः बोनेटमध्ये कान लावून ऐकलं. “बॅटरी चांगली हाय तुमची. लाइट मंद होऊन नाई राहिले. सोलेनॉइड, स्टार्टरचा खटका, थो टक् करते, म्हंजे हुकूम पोचून राहिला. पुढे मोटर फिरत नाई. स्टार्टर थकला, दुसरं काही नाई.” खाली शिरून त्यांनी स्टार्टर काढला, जमिनीवर ठेवला, पायाने दाबून धरला आणि दुसऱ्या बॅटरीवरून जाड तारा लावल्या. त्यासरशी तो वीतभर लांबीचा लोखंडी तुकडा जिवंत जनावरासारखा उसळला आणि गर्रकन फिरला.

ते जरा विचारात पडले. “इथी त फिरते.”

“मग?”

“उघडून पाह्यतो. कवा कवा बाहेर फिरते, आत अडते.”

उघडल्यावर आतली घाण दिसली. मोटरच्या फिरत्या भागाला जे वीज पोचवतात ते कार्बनचे तुकडे झिजून आखूड झाले होते. ते जिथे टेकतात ती तांब्याची पट्टी काळी पडली होती. ती त्यांनी बारीक पॉलिश पेपरने उजळवली, खाचांतली काजळी पातळ पात्याने काढली, नवे कार्बन बसवले. समोरच्या दातेरी चाकावरचं ग्रीस वाळून खडा झालं होतं, ते रॉकेलमध्ये धुतलं, दांडा ज्यांत फिरतो त्या दोन्हीकडच्या बुशांना थोडं तेल दिलं. मी शेजारी स्टुलावर बसून पाहत होतो. काम स्वच्छ होतं. घाई असूनही त्यांनी एकही पायरी गाळली नाही. संध्याकाळी स्टार्टर बसवून किल्ली फिरवली तेव्हा इंजिन पहिल्याच वेढ्याला लागलं. ते म्हणाले, “आता सांगा तुमच्या बहिनीले, बिनधास्त जा म्हनाव.”

दोन सकाळी गाडी चांगली चालली. ताई आली. मी फोनवर फार विनवण्या केल्या होत्या, आणि भाचीने अकोल्याहून फोन करून रडून घेतलं होतं. तिसऱ्या सकाळी वलगावच्या अंगणात, ताई शाल घेऊन मागे बसल्यावर, पुन्हा तोच ‘टक्’ आला.

ताईने शालीची घडी केली आणि दार उघडून खाली उतरली. चिडली नाही, काही नाही. चप्पल काढली, ओट्यावर जाऊन बसली. “जाय बापू तू. तुले ऑफिसले उशीर होईन. मी आज येत नाई, उद्या बी येत नाई. लय केलं तुमी सगळ्यायनं.”

भाऊजी पहाटेच शेतात गेले होते. पारावरची माणसं निघालेली दिसली, मी त्यांना हातानेच थांबा म्हटलं. गाडी ढकलून सुरू झाली असती, पण ताई ओट्यावरून उठली नसती. मला काय सुचलं कोणास ठाऊक. मी डिकीतून मल्टिमीटर काढला आणि म्हटलं, “नको येऊ. पण मला एकट्याला हे तपासता येत नाही. मी तारा धरतो, तू फक्त किल्ली फिरव.”

“मी? गाडी पळून जाईन ना इकडे तिकडे.”

“न्यूट्रलमध्ये आहे. हँडब्रेक ओढलाय.”

“आन् सुरू झाली त?”

“सुरू झाली तर बरंच होईल की.”

ती पुटपुटत उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगसमोर बसली. पदर खोचला. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते दोनदा विचारलं.

मला एवढं समजत होतं. बॅटरी भरलेली आहे, स्टार्टर जमिनीवर उसळून फिरतो. दोन्ही टोकं चांगली असतील तर वीज मधल्या वाटेत खर्ची पडत असली पाहिजे. वाटा दोन. बॅटरीच्या अधिक टोकापासून जाड तारेने स्टार्टरपर्यंत जायची एक, आणि स्टार्टरच्या लोखंडी अंगातून, इंजिन आणि गिअरबॉक्समधून, दुसऱ्या जाड तारेने बॅटरीच्या उणे टोकाला परत यायची दुसरी. या परतीच्या वाटेला अर्थिंग म्हणतात. दिव्यांना वीज थोडी लागते, आणि त्यांचं अर्थिंग गाडीच्या पत्र्यावर वेगळं असतं. त्यांना काही कळत नाही. स्टार्टर मात्र एकदम भरपूर वीज ओढतो, आणि वाट अरुंद झाली की नेमका तोच उपाशी राहतो.

आधी मीटर जाण्याच्या वाटेच्या दोन टोकांना धरला. “फिरव.” टक्. आकडा अगदी किरकोळ. म्हणजे त्या वाटेत काही अडत नव्हतं. मग एक तार बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी स्टार्टरच्या अंगाला लावली. “फिरव.” टक्. मीटरवर सहा व्होल्टच्या आसपास आकडा आला. तिथे अर्धा व्होल्टही असायला नको. बॅटरीची जवळजवळ निम्मी ताकद परतीच्या वाटेवरच मरत होती.

“काय दिसलं?” ताईने मान बाहेर काढून विचारलं.

“सापडतंय. अजून एकदा.”

“फिरवू?”

“थांब. हां, फिरव.”

मी एक एक सांधा तपासत पुढे सरकत होतो. बॅटरीच्या टोकावरची पकड ठीक, तार ठीक. प्रत्येक वेळी “फिरव” म्हटलं की टक्. पाचेक खेपांनंतर ताई मला हुकूम द्यायला लागली. “धरली का नीट? मागच्या वख्ती हात हालला तुहा.” पारावरची माणसं जवळ येऊन वाकून पाहत होती. एक म्हणाला, “डायवर नवा दिसते.” ताई म्हणाली, “लायसन पाहाचं असन त सांग.” कित्येक दिवसांनी मी तिला कोणाला उलट उत्तर देताना ऐकलं.

शेवटचा सांधा उरला, अर्थिंगची तार गिअरबॉक्सला जिथे बोल्टने आवळलेली असते तो. मी एक टोक तारेच्या कडीला आणि दुसरं तिच्याच बोटभर खालच्या लोखंडाला लावलं. टक्. सगळा आकडा तिथे होता. मी पान्याने बोल्ट सैल केला आणि कडी उचलली. खाली चकचकीत लाल रंग होता. कडीलाही दोन्ही बाजूंनी लाल रंग, कुठे थेंब नाही, कुठे ओघळ नाही, इतका सफाईदार. गोठ्यात बैल बांधलेले होते. त्यांच्या शिंगांकडे पाहायची गरजच नव्हती.

रंगातून वीज जात नाही. बोल्टाच्या आट्यांतून जी काही थोडी वाट मिळत होती तेवढ्यावर गाडी इतके दिवस चालली होती, हेच पुष्कळ.

नेमके तेव्हाच भाऊजी शेतातून आले. खांद्यावर डवऱ्याचं काही तरी होतं. गाडी अजून अंगणात पाहून त्यांची पावलं झपझप पडायला लागली. “काय झालं? गेले नाई तुमी?” मग उघड्या बोनेटमध्ये वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे म्याच केलं. लय गंज होता तथी, पांढरी बुरशी चढली होती. म्हटलं बैलायचे शिंगं झाले, रंग उरला हाय, हे बी करून टाकू. बोल्ट काढून नीट घासलं आन् मंग लावला.” एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना काही तरी कळलं.

मी शब्द जुळवत होतो. ताईने स्टिअरिंगवरूनच विचारलं, “त्या रंगानंच होऊन राहिलं का हे?”

खोटं बोलायला मला जमत नाही. मी म्हटलं, “हो.”

भाऊजी चाकाशेजारी जमिनीवरच बसले. “म्हंजे इतके दिवस… म्या बंद पाडली? तुह्या शेकाले जाची गाडी म्या बंद पाडली?”

आणि ताई हसायला लागली. एका हाताने ऑपरेशनची बाजू दाबून धरली होती, दुखत होतं तरी थांबेना. “बाप्पा बाप्पा! मले वाटलं देव थांबवून राहिला. हे त घरचेच देव निघाले!” पारावरची माणसंही हसायला लागली. भाऊजींचे डोळे मात्र भरून आले होते. ताई गाडीतून उतरली, त्यांच्यासमोर उभी राहिली. “उठा आता. बैलाले बेगड बी लावता ना, थे राहिली काय आत लावाची?”

“हात रिकामे राह्यत होते,” ते खाली पाहत म्हणाले. “तुले काही लावू देत नाई. म्हटलं, जे तुले नेते त्याले तरी लावू.”

तिने त्यांच्या खांद्यावरची माती झटकली. मग म्हणाली, “पॉलिश पेपर आना घरातून. बापूले उशीर होऊन राहिला.”

त्यांनी पंपाच्या हत्यारांच्या पेटीतून पॉलिश पेपर आणला आणि मला हात लावू दिला नाही. स्वतः वाकून कडी दोन्ही बाजूंनी घासली, गिअरबॉक्सवरचा रंग लोखंड उघडं पडेपर्यंत खरवडला, फडक्याने पुसला, बोल्ट आवळला. मी मीटर लावला. या वेळी ताईला सांगावं लागलं नाही. तिने किल्ली फिरवली, इंजिन घुर्र करून लागलं, आणि ती दचकून दोन्ही हात वर करून बसली. मीटरवरचा आकडा शून्याच्या इतका जवळ होता की मी तो पुन्हा पाहिला.

ताई मागच्या सीटवर जाऊन बसली. शाल घेतली. भाऊजी नेहमीसारखे दार लावायला आले, तर तिने दार धरून ठेवलं.

“तुमी बी बसा.”

“मी? बैलायले चारा…”

“चारा टाकतीन हे लोक. बसा.”

पारावरचा तो अधू पायाचा माणूस म्हणाला, “जाय ना बे, मी पाह्यतो बैल.” भाऊजी मळक्या कपड्यांनिशी तिच्या शेजारी बसले. आम्हाला उशीर झाला होता. दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने कुरकुर न करता दोन रुग्णांनंतर आमचा नंबर लावला. ताई आत गेली, जाड दार बंद झालं, आणि भाऊजी उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हे बस स्टँड गाठतात. पण ते त्या तंत्रज्ञाच्या टेबलाजवळ गेले आणि विचारलं, “आत थे एकटीच असते काय?”

“एकट्याच असतात काका. पण आम्ही इथून पाहत असतो.” त्याने पडदा थोडा त्यांच्याकडे वळवला. ताई एक हात डोक्यावर घेऊन निश्चल पडलेली होती. भाऊजी तो हात खाली येईपर्यंत पडद्यासमोर उभे राहिले. त्या मुलाने नियम थोडा वाकवला असेल. वाकवला असेल तर बरं केलं.

त्या दिवसापासून शेवटच्या शेकापर्यंत ते रोज सोबत आले. एकही खाडा झाला नाही. मी मधे एकदा त्या इलेक्ट्रिशियनला लाल रंगाची हकिगत सांगायला गेलो. ते कपाळावर हात मारून हसले आणि म्हणाले, “मी त्या तारेले हातच नाई लावला राजा. पन कार्बन घिसले होते तुमचे, थे खोटं नोय.” ते खरंच होतं. आज ना उद्या त्या स्टार्टरने त्रास दिलाच असता. तो अजून एका वेढ्यात इंजिन घेतो.

शेक संपून काही आठवडे गेले होते. तपासणीची तारीख मला माहीत होती, त्या सकाळची मी अर्ध्या दिवसाची रजाही सांगून ठेवली होती. पण त्याच्या आदल्या दिवशीच दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला.

“बापू, आमी येऊन गेलो दवाखान्यात.”

“म्हणजे? तपासणी उद्या आहे ना?”

“आजच बोलावलं होतं, काल फोन आला होता त्यायचा. सगळं ठीक हाय म्हनते बाई. आता तीन महिन्यानं.”

“अगं, मग मला सांगायचं. गाडी घेऊन आलो असतो.”

“काहून? बस सुरू हाय ना?” मागून गाड्यांचे हॉर्न आणि कंडक्टरची हाक ऐकू येत होती. “बसनंच आली मी. जागा भेटली खिडकीजवळची. तुहे भाऊजी हायेत ना संग. यायले आता तथल्या कॅन्टीनचा चहा लागते.”

भाऊजी पलीकडून काही तरी म्हणाले. ती त्यांच्यावर ओरडली, की बस लागली आहे, पळा. आणि फोन बंद झाला.

समोर महिन्याचा ताळमेळ पडला होता. मी पुन्हा आकडे जोडायला घेतले. दोन वेळा बेरीज केली, दोन्ही वेळा वेगळी आली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून विचारलं, “काय झालं हो? तुमची बेरीज चुकत नाही कधी.”

“काही नाही,” मी म्हटलं. “बहीण बसनं घरी गेली.”

त्यांना काही कळलं नाही. मी उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला.